पेन्सिल तेवढी आत नेता येते

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेला जाऊन आलो. आमचा भाचा तिकडे मेरीलँड राज्यात संगणकाच्या नोकरीत आहे. विमानाचे भाडे त्याने भरले, व्हिसाची खटपट त्याने केली. रजेचा अर्ज तेवढा आम्ही लिहिला. परत आल्यावर वस्तीतले लोक भेटायला आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "नायगरा पाहिला का?" नाही पाहिला. मग काय पाहिले? न्यूयॉर्कला जाऊन कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे नतमस्तक झालो, त्याविषयी पुष्कळांनी पूर्वी लिहिले आहे म्हणून येथे लिहीत नाही. बाकीचे दिवस आम्ही रेकॉर्डरूम पाहत हिंडलो असे सांगितल्यावर एक शेजारी म्हणाले, "अहो, रेकॉर्डरूम तर तुमच्या ऑफिसात पण आहे की!"

आहे. सहा वर्षे आम्ही तिथेच काढली. बी.कॉम.च्या पदवीचा उपयोग तिथे काय झाला असेल तर गठ्ठे मोजण्यापुरता. कार्यालयात कागदाचे वर्ग असतात हे नोकरदार वाचकांना ठाऊक आहेच. 'अ' म्हणजे कायम ठेवायचा, 'ब' म्हणजे तीस वर्षे, 'क' त्याहून कमी आणि 'ड' म्हणजे वर्षभरात नाश. कोणता कागद कोणत्या वर्गात टाकायचा हे एक कारकून टेबलावर बसून ठरवतो आणि साहेब सही करतो. जमिनीचा कागद 'अ' मध्ये जातो. गरिबाच्या तक्रारीचा कागद कुठे जातो, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आणखी एक कारण होते, ते घरचे आहे. आमच्या पत्नीचे माहेर मराठवाड्यातले. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेडोपाडी आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, त्यात आमच्या सासऱ्यांचे घर गेले. त्या वेळी झालेल्या पंचनाम्याची एक नक्कल सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत आहे. कार्बनखालची प्रत, अक्षरे निळसर, घड्यांवर विरलेली. त्यात लिहिले आहे: ज्वारी दीड पोते, पितळी हंडा एक, गोधड्या चार, शिवणयंत्र एक जळून निकामी. आरोपींची नावे कुठे आहेत, गुन्हा कोणत्या नंबरने नोंदला, पुढे काय झाले, हे विचारायला आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. उत्तर एका ओळीचे आले. सदर अभिलेख विहित मुदतीनंतर नष्ट करण्यात आला आहे. नष्ट केल्याची नोंदवही दाखवा म्हणून विचारले, तर तीही आढळून येत नाही.

हे सारे भाच्याला माहीत होते. म्हणून एके दिवशी तो म्हणाला, "मामा, इथे काळ्या लोकांच्या जुन्या खुनांचे सरकारी कागद गोळा करायचा कायदा झालाय. ते कागद ठेवतात ती बिल्डिंग माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. बघायची का?"

ती इमारत म्हणजे कॉलेज पार्क या गावातले राष्ट्रीय अभिलेखागार. वॉशिंग्टन शहरात जुने अभिलेखागार आहेच; तिथे जागा पुरेना म्हणून १९९४ साली हे दुसरे उघडले. झाडीमध्ये काचेची मोठी इमारत आहे. दाराशी तपासणी झाली. मग एका खोलीत पारपत्र दाखवून, संगणकावर नियम वाचून, फोटो काढून संशोधकाचे कार्ड मिळते. पैसे पडत नाहीत. परदेशी माणसालासुद्धा देतात. काउंटरवरच्या बाईंनी विचारले, कशावर संशोधन करता? आम्ही भाच्याकरवी सांगितले, संशोधक नाही, कारकून आहोत. त्या हसल्या आणि कार्ड पुढे केले.

वाचनकक्षात जाण्याआधी कोट, पिशवी, पेन, सगळे कपाटात ठेवून कुलूप लावायचे. शाई आत न्यायची नाही. पेन्सिल तेवढी चालते. नसेल तर तेच देतात, कागदही तेच देतात. आमच्या खिशाचे पेन गेली वीस वर्षे खिशातून हलले नव्हते, ते काढून ठेवताना अंगावरचे काही काढल्यासारखे वाटले. आत पेट्या ढकलगाडीवरून येतात. टेबलावर एका वेळी एकच पेटी, पेटीतून एका वेळी एकच फोल्डर. फोल्डर काढले त्या जागी एक लांब पुठ्ठा उभा करून ठेवायचा, म्हणजे परत ठेवताना क्रम चुकत नाही. कोणी कागद उलटसुलट केले तर देखरेख करणारा लगेच येऊन नम्रपणे सांगतो. आम्ही मनात म्हटले, हा पुठ्ठा दोन रुपयांचा असेल. आमच्याकडे एवढा जरी असता!

भाच्याने अगोदर चौकशी करून एक पेटी मागवली होती. १९५० च्या दशकात न्यायखात्याला नागरिकांनी लिहिलेली पत्रे त्यात होती. कोणी टंकलेखन केलेले, कोणी हाताने, वहीच्या फाडलेल्या पानावर. दक्षिणेत आमच्या माणसांना मारतात, सरकार काय करते आहे, एवढाच बहुतेकांचा मजकूर. प्रत्येकावर आवक शिक्का, तारीख, नंबर. काहींना उत्तराची प्रत जोडलेली होती. ते उत्तर वाचून आम्हाला आपल्या कचेरीची आठवण आली: आपले पत्र मिळाले, सदर बाब राज्याच्या अखत्यारीतील असल्याने या खात्यास कार्यवाही करता येत नाही. भाषा इंग्रजी, पण वळण अगदी ओळखीचे. पण पत्र फेकले नव्हते. उत्तर द्यायचे नव्हते तरी जपून ठेवले होते, ही गोष्ट आम्ही तासभर तिथे बसून पाहत राहिलो.

आता या कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. गुलामी गेल्यानंतरही अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला मारणे हा फारसा गुन्हा समजला जात नसे. खटला झाला तर गोऱ्या ज्यूरीपुढे. पुष्कळदा खटलाच होत नसे. अशा जुन्या प्रकरणांचा पुन्हा तपास करण्यासाठी तिथल्या संसदेने २००८ साली एमेट टिल या मुलाच्या नावाने कायदा केला. शंभराहून अधिक खून पुन्हा तपासले गेले. बहुतेक फायली पुन्हा बंद झाल्या, कारण आरोपी मेलेले, साक्षीदार मेलेले. शिक्षा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हा न्याय नाही तर नाही, निदान कागद तरी द्या, ही मागणी पुढे आली. आणि ती कोणी पुढे आणली? न्यू जर्सी राज्यातल्या हाइट्सटाउन गावच्या हायस्कूलच्या मुलांनी! त्यांच्या वर्गात नागरिकशास्त्रासारखा विषय होता. जुन्या खुनांचे कागद मागवले तर काळ्या शाईने पुसलेली पाने येतात, काही वेळा वर्षानुवर्षे येतच नाहीत, हे मुलांनी पाहिले आणि शिक्षकाच्या मदतीने त्यांनी विधेयकाचा मसुदाच लिहिला. वर्गामागून वर्ग पास होऊन गेले, पण पुढच्या मुलांनी काम सोडले नाही. सिनेटमध्ये डग जोन्स यांनी ते उचलले. हे तेच वकील, ज्यांनी बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बाँबस्फोटाचा खटला २००१ आणि २००२ मध्ये लढवून दोघांना शिक्षा मिळवून दिली. १९६३ साली त्या स्फोटात चार मुली मेल्या होत्या. मुलांचा मसुदा जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सहीने कायदा झाला.

कायदा असा आहे. १९४० ते १९७९ या काळातील, वर्णद्वेषातून झालेल्या आणि न सुटलेल्या गुन्ह्यांचे केंद्र सरकारकडचे सर्व कागद प्रत्येक खात्याने शोधायचे आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे. कागद खुला करणे हा नियम, झाकणे हा अपवाद. एखादी ओळ झाकायची असेल तर खात्याने कारण द्यायचे आणि ते कारण पटते की नाही हे बाहेरच्या नागरिकांचे मंडळ ठरवणार. मंडळावर इतिहासाचे अभ्यासक, वकील, पत्रकार अशी माणसे. कायदा झाला तरी मंडळावरच्या नेमणुका व्हायला २०२२ साल उजाडले. मुदत संपत आली म्हणून ती २०२७ पर्यंत वाढवावी लागली. म्हणजे दिरंगाई तिकडेही आहे, आपल्याला वाटते तसे सगळे गोजिरे नाही. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये, एमेट टिलच्या खुनाला सत्तर वर्षे होत असताना, त्या प्रकरणाची हजारो पाने खुली झाली.

आमच्या पत्नी कागदांना कंटाळतील अशी आम्हाला भीती होती. झाले उलटेच. त्या भाच्याला म्हणाल्या, "बाबू, त्या लेकराचं गाव किती लांब आहे?"

गाव लांब होते. विमानाने मेम्फिसपर्यंत आणि तेथून मोटारीने दक्षिणेला मिसिसिपी राज्यात. नदीकाठचा तो सपाट मुलूख, त्याला डेल्टा म्हणतात. डोळा पोहोचेल तिथवर कापूस. बोंडे फुटलेली होती. आमच्या पत्नी खिडकीला नाक लावून बसल्या. "अगं बाई, ही तर पऱ्हाटीच!" म्हणाल्या. लहानपणी त्यांनी रोजाने कापूस वेचला आहे. इथे मात्र शेतात माणूस दिसत नाही, बसच्या आकाराची यंत्रे वेचणी करतात आणि गाडीएवढे गोळे शेताच्या कडेला टाकून जातात. यंत्रे आल्यावर मजूर गेले. पूर्वी इथे काळी कुटुंबे अर्धेलीने कसत. हिशेब मालकाकडे, वही मालकाकडे, आणि वर्षाच्या शेवटी बाकी नेहमी कुळाच्या नावावर. हे वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

एमेट टिल शिकागोचा. चौदा वर्षांचा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सुटीला आईच्या काकांकडे आला. मनी नावाच्या खेड्यात किराणा दुकानात गेला, तिथल्या गोऱ्या दुकानदारणीला पाहून त्याने शीळ घातली असा बोभाटा झाला. २८ ऑगस्टच्या पहाटे दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ मायलम यांनी त्याला बिछान्यातून उचलून नेले. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत प्रेत सापडले. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगचा लोखंडी पंखा बांधलेला होता. आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असा त्यांचा निर्धार. शिकागोत हजारो माणसे रांगेने पाहून गेली, 'जेट' साप्ताहिकाने छायाचित्र छापले. मेमीबाईंनी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना न्याय मागणारी तार केली. तारेला उत्तर आले नाही. ती तार मात्र त्या राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांत आजही जपलेली आहे.

सम्नर हे काहीशे वस्तीचे गाव. मधोमध विटांचे, घड्याळाच्या मनोऱ्याचे कोर्ट. सप्टेंबर १९५५ मध्ये पाच दिवस खटला चालला तो इथेच. कोर्टाची खोली १९५५ साली होती तशी पुन्हा करून ठेवली आहे. लाकडी बाके, वर पंखे, ज्यूरीच्या बारा खुर्च्या. बारा पुरुष, बाराही गोरे. ज्यूरी मतदार यादीतून निवडत आणि त्या जिल्ह्यात एकाही काळ्या माणसाचे नाव मतदार यादीत नव्हते. काळ्या वार्ताहरांना एका कडेला लहानसे टेबल दिले होते. एमेटच्या आईच्या काकांनी, मोझ राइट यांनी, चौसष्टाव्या वर्षी भर कोर्टात उभे राहून आरोपीकडे बोट केले. गोऱ्याकडे बोट करणे म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या सर्वांना ठाऊक होते. साक्ष झाल्यावर त्यांना उभे पीक आणि घर सोडून उत्तरेकडे जावे लागले. आम्ही त्या साक्षीदाराच्या जागेपुढे उभे राहिलो. आमच्या पत्नी बाकावर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

ज्यूरीने सदुसष्ट मिनिटे घेतली आणि निर्दोष म्हणून सोडले. बाटलीतले पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असे एक ज्यूरर बोलून गेला. पुढे चार महिन्यांत दोघांनी पैसे घेऊन 'लुक' नियतकालिकात खुनाची कबुली छापून आणली. एकदा सुटलेल्यावर पुन्हा खटला होत नाही, हे त्यांना माहीत होते. मायलम १९८० साली मेला, ब्रायंट १९९४ साली. दोघेही बिनशिक्षेचे.

आता कारकुनाच्या कामाची गोष्ट सांगतो. या खटल्याचा सबंध साक्षीपुरावा टंकलिखित होता, शेकडो पाने. तो नाहीसा झाला. कोर्टात नाही, कुठे नाही. पन्नास वर्षे तो कोणाला सापडला नाही. २००४ साली केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा शोधाशोध करता एक प्रत हाती लागली. प्रतीची प्रत, तिचीही प्रत, अक्षरे इतकी पुसट की वाचवेना. तपासवाल्यांनी ओळ ओळ लावून ती पुन्हा टंकून काढली. आज मोझ राइट यांची साक्ष शब्दशः वाचायला मिळते ती त्यामुळे.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. दुकानदाराच्या बायकोच्या नावे १९५५ साली अटकेचे वॉरंट निघाले होते, असे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आले होते. पण शेरिफने तिला लहान लेकरे आहेत म्हणून त्रास नको, असे ठरवून ते बजावलेच नाही. जून २०२२ मध्ये टिल कुटुंबातली माणसे आणि त्यांचे साथी ग्रीनवुड गावच्या कोर्टाच्या तळघरात शोध घेत असताना, एका खोक्यातल्या फोल्डरमध्ये ते वॉरंट मिळाले. तारीख २९ ऑगस्ट १९५५. सदुसष्ट वर्षे ते तळघरात पडून होते. त्यानंतर प्रकरण पुन्हा ग्रँड ज्यूरीपुढे गेले, पण तिने आरोप ठेवायला नकार दिला. बाई २०२३ मध्ये मरण पावली. आम्ही ग्रीनवुडच्या त्या कोर्टासमोर गाडी थांबवून नुसतेच पाहिले. तळघराच्या खिडक्या रस्त्यावरून दिसतात का, हे पाहायचा प्रयत्न केला. ज्याने ते खोके फेकून दिले नाही तो कारकून कोण असेल? गोराच असणार त्या काळी. त्याने मुद्दाम ठेवले की आळसाने ठेवले? आम्हाला विचाराल तर आळसाने. आळशी कारकुनाने जगात पुष्कळ पुरावा वाचवला आहे.

नदीकाठी, प्रेत सापडले असे मानतात त्या जागी, जाण्याचा रस्ता कच्चा. तिथे पहिली पाटी २००८ साली लावली, ती कोणी उपटून नेली. दुसरीवर गोळ्या झाडल्या, तीनशेहून अधिक भोके. तिसरी २०१८ साली लागली, तिलाही पाच आठवड्यांतच गोळ्या बसल्या. चौथी २०१९ मध्ये लावली ती पोलादाची, गोळी न लागणारी, सुमारे सव्वादोनशे किलोची. गोळ्यांनी चाळण झालेली एक पाटी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडली गेली. २०२३ मध्ये ही जागा, सम्नरचे कोर्ट आणि शिकागोचे ते चर्च मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर झाले. नदीचे पाणी मातकट, संथ. डास फार. भाचा म्हणाला, "मामी, चला आता, अंधार व्हायच्या आत हायवे गाठू." त्याच्या आवाजात भीती होती हे आम्हाला कळले, पण कोणी बोललो नाही.

मनीचे ते दुकान कोसळले आहे. भिंतींवर वेली चढल्या आहेत, छप्पर नाही. मालकी त्याच खटल्यातल्या एका ज्यूररच्या वारसांकडे गेलेली. शेजारचा पेट्रोलपंप सरकारी अनुदानातून दुरुस्त करून रंगवून ठेवला आहे, दुकान तसेच पडके. काय जपायचे आणि काय पडू द्यायचे, हे कोणाच्या हाती असते ते तिथे उभे राहिले की दिसते.

तेथून जॅक्सन, राज्याची राजधानी. तिथल्या राज्य अभिलेखागारात वेगळ्या जातीचे कागद आहेत. १९५६ साली मिसिसिपी सरकारने 'सार्वभौमत्व आयोग' नावाचे खाते काढले. काम एकच, काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांवर पाळत ठेवणे. पगारी हेर, सभेबाहेरच्या मोटारींचे नंबर टिपून घेणारे, आणि आपल्यातलेच फितूर. १९७७ मध्ये खाते बंद केले आणि विधानसभेने ठराव केला की हे दप्तर २०२७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, कुलुपात राहील. त्याच वर्षी नागरी स्वातंत्र्यवाल्यांनी दावा लावला. एकवीस वर्षे दावा चालला! १७ मार्च १९९८ रोजी दप्तर खुले झाले. १,३२,००० हून अधिक पाने, सुमारे ८७,००० माणसांची नावे. आता कोणीही संगणकावर नाव टाइप करून पाहू शकतो. फायली इतक्या नीटनेटक्या, सूची इतकी व्यवस्थित, की आम्हाला त्या कारकुनांचे कौतुक वाटावे की किळस यावी, समजेना. जुलूम करणारे सरकारही कागद नीट ठेवते, आणि पुढे तोच कागद त्याच्यावर उलटतो.

कसा उलटतो त्याचे उदाहरण क्लाइड केनार्ड. लष्करात नोकरी करून आलेला, शिकागोत शिकलेला काळा तरुण. घरच्या कोंबड्यांच्या फार्मसाठी गावी परतला आणि उरलेले शिक्षण घराजवळच्या गोऱ्यांच्या कॉलेजात पूर्ण करू द्या म्हणून पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिला. आयोगाने त्याची सगळी कुंडली काढली. १९६० साली पंचवीस डॉलरचे कोंबडीखाद्य चोरवल्याच्या खोट्या आरोपात त्याला सात वर्षांची सजा झाली. तुरुंगात कर्करोग झाला. मरायला टेकल्यावर सोडले आणि जुलै १९६३ मध्ये तो गेला, छत्तिसाव्या वर्षी. कुलुपातले कागद पत्रकारांच्या हाती लागले तेव्हा कट उघड झाला. पुढे इलिनॉयच्या एका हायस्कूलच्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या शिक्षकाने पाठपुरावा केला, आणि २००६ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवले. पुन्हा हायस्कूलची मुलेच. शिक्षणासाठी अर्ज केला एवढाच त्याचा गुन्हा, हे वाचल्यावर आमच्या पत्नी पुटपुटल्या, "शिकायचंच तर होतं त्याला."

मेडगर एव्हर्स यांचे घरही जॅक्सनमध्येच. १२ जून १९६३ च्या रात्री आपल्याच घराच्या आवारात, मोटारीतून उतरताना त्यांना पाठीत गोळी घातली. आरोपी बेकविथवर १९६४ साली दोनदा खटला झाला. दोन्ही वेळा गोऱ्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. पंचवीस वर्षांनी, १९८९ मध्ये, जेरी मिचेल या पत्रकाराने कुलुपातल्या कागदांवरून छापले की त्या खटल्यात आयोगाने बचाव पक्षासाठी ज्यूरींची गुपचूप चौकशी केली होती. प्रकरण उघडले. पण जुना साक्षीपुरावा कोर्टात सापडेना. रायफल एका माजी न्यायाधीशाच्या घरी निघाली. आणि साक्षीपुराव्याची प्रमाणित प्रत मिळाली ती विधवा मर्ली एव्हर्स यांच्याकडे. तीन लेकरे घेऊन त्या हजारो मैल दूर कॅलिफोर्नियाला गेल्या, दुसरा संसार केला, पण त्या प्रतीला अंतर दिले नाही. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी बेकविथ दोषी ठरला. एकतीस वर्षांनी. ती रायफल आता तिथल्या नागरी हक्क संग्रहालयात काचेआड आहे.

घर लहान आहे, मजुराच्या सोसायटीतल्या घरासारखे. एव्हर्स यांनी धोका ओळखून पुढचे दार ठेवलेच नव्हते, प्रवेश बाजूने. आमच्या पत्नी त्या आवाराकडे पाहत म्हणाल्या, "आईच्या पेटीतला कागद." पुढे काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारले नाही.

बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतल्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला आहे, त्याच्या प्रती मिळतील काय, अशी विचारणा त्यात आहे. डुबॉइस यांनी उत्तरही दिले. हा पत्रव्यवहार आज आपल्याला वाचायला मिळतो तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने डुबॉइस यांचे कागद सांभाळले म्हणून. बाबासाहेबांनी मागितले होते ते काय? दुसऱ्याच्या अर्जाची नक्कल. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, ते आपल्याला पाठ आहे. ही नक्कल मागितल्याची गोष्ट मात्र आमच्या वस्तीत दहा जणांनाही माहीत नव्हती, आम्ही आल्यावर सांगितली.

परत आल्यानंतर आम्ही अपील दाखल केले आहे. त्यात नष्ट अभिलेखाच्या नोंदवहीची प्रत मागितली आहे, आणि नोंदवही नसेल तर नष्ट करण्याचा आदेश कोणी दिला त्याचे नाव व पदनाम. अपिलाला पंचनाम्याची प्रत जोडायची होती. सासूबाई पेटी उघडायला तयार, पण कागद आमच्या हाती द्यायला तयार नाहीत. "झेरॉक्स काढा, पर म्या संगं येनार," म्हणाल्या. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला रिक्षाने नाक्यावर नेले. दुकानातल्या मुलाने कागद काचेवर ठेवून झाकण आपटले, तशा त्या ओरडल्या, "हळू रे बाबा, इरलंय ते!" पाच प्रती काढल्या. शिवणयंत्राची ओळ दोन प्रतींत उमटली नव्हती, म्हणून त्या दोन पुन्हा काढायला लावल्या. मूळ कागद त्यांनी स्वतः घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, पिशवी पदराखाली घेतली आणि रिक्षात जाऊन बसल्या. पैसे आम्ही दिले.